तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटचे कोर्स कामाला येतात का?

‘मॅडम, ते ऑनलाइन फुकटचे कोर्स खरंच कामाला येतात का?’ पालक सभेत हा प्रश्न ठरलेला. सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते आणि एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सांच्या उपक्रमाचं कामही माझ्याकडेच, त्यामुळे सगळे मलाच गाठतात.

येतात. पण फुकट आहेत म्हणून नव्हे.

आयआयटी आणि आयआयएससीचा हा उपक्रम २००३ साली सुरू झाला. व्याख्यानं तेव्हापासून खुली आहेत. ती नुसती बघून शिकलेलं पोर विरळाच. २०१४ पासून कोर्सला तारखा आल्या, दर आठवड्याची असाइनमेंट आली, शेवटी केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा आली. शिकणं फुकट, परीक्षेला हजार रुपये. घरून हजार रुपये गेले की पोरगं अभ्यासाला बसतं. बाहेरही हेच. एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावर हार्वर्ड-एमआयटीच्या कोर्सांना २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पुरा केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण निम्म्याच्या जवळ होतं.

आता बुधवारची रात्र. असाइनमेंटची मुदत संपत आलेली असते, आणि यूट्यूबवर ‘वीक ३ आन्सर्स’ तयार असतात. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक पडते, पाच मिनिटांत काम फत्ते. मग निकाल लागतो: असाइनमेंटला २५ पैकी २४, परीक्षेत ७५ पैकी १९. पास व्हायला परीक्षेत ३० लागतात. अशा मुलाच्या वडिलांना काय सांगायचं ते मला अजून सुचत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण वेगळी. गणित येतं, पण प्राध्यापकांचं इंग्रजी डोक्यावरून जातं. त्यांना मी आधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलकडे पाठवते. साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ, आवाज मराठीत, आणि पद्धत अशी की व्हिडिओ थांबवायचा, समोर दिसलेली कमांड स्वतः टाइप करायची, चुकली तर मागे जायचं. लिनक्स, सायलॅब अशी बरीच सॉफ्टवेअर तिथे शिकता येतात.

एक गोष्ट मात्र मला खटकते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून, म्हणजे एनपीटीईएलचे कोर्स जिथे असतात त्या सरकारी पोर्टलवरून, घेता येतात. सवलत चांगली आहे. पण काही ठिकाणी तिचा अर्थ असा लावतात की शिक्षकाची जागा भरायलाच नको. अडलं तर विचारायचं कुणाला? मुलं मग माझ्या केबिनबाहेर उभी राहतात, माझा विषय नसतानाही.

तर, चार कोर्सांना नाव घालून ठेवू नका. एकच घ्या, बारा आठवड्यांचा असला तरी चालेल, आणि सोबत वर्गातला एखादा मित्र असू द्या. परीक्षा शनिवार-रविवारी असते, केंद्र बहुतेकदा दुसऱ्या गावात. तेवढा दिवस घरात लग्नाचा मुहूर्त काढू नका.