तीर्थन खोऱ्यात ट्राउटमागे: आखूड दोराचे चार दिवस

हिमाचलच्या तीर्थन नदीत फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर बांधलेल्या कृत्रिम माशीने ट्राउट (थंड पाण्यातला मासा) पकडणं. त्यासाठी मनालीच्या बसमधून औटच्या बोगद्याआधी उतरायचं, तिथून बंजार आणि पुढे गुशैणी. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला. पावसाळ्याचं गढूळ पाणी तोवर निवळतं, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण तो ट्राउटच्या विणीचा काळ. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून नदी फुगते. त्यापेक्षा मार्च बरा. हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना आधी हातात घ्या, मगच रॉड जोडा.

रॉड साडेआठ-नऊ फुटी, ४ किंवा ५ नंबरची (हा दोराच्या वजनाचा आकडा). तरंगता दोर, त्यापुढे नऊ फुटी लीडर म्हणजे निमुळता पारदर्शक धागा, टोकाला फाइव्ह-एक्स टिपेट, म्हणजे माशी बांधायचा बारीक धागा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन जळतं आणि नेमका मोठा मासा लागला की तुटतं.

इथे लांब फेकीचा हव्यास सोडा. पात्र अरुंद, मागे झाडं. पाच ते आठ मीटर पुरतात. रोल कास्ट, म्हणजे दोर मागे हवेत न उडवता केलेली फेक, पक्की हवी: दोर पाण्यावरूनच सावकाश मागे ओढा, रॉड कानामागे आली की थांबा. दोराची झोळी खांद्यामागे लोंबली पाहिजे आणि पुढचा भाग पाण्याला चिकटलेला राहिला पाहिजे, कारण त्याच्याच पकडीवर रॉड वाकते. मग वेग वाढवत पुढे, आणि डोळ्यांच्या उंचीला एकदम थांबवा. बहुतेकजण रॉड पाण्यापर्यंत खाली आणतात. दोर उलगडतच नाही, ढीग होऊन पडतो.

मोकळ्या जागी डोक्यावरून फेकताना चाबकासारखा फटकारा ऐकू आला, तर मागचा दोर सरळ व्हायच्या आत तुम्ही पुढे आलात. माशी तुटून गेली असेल, तपासा. मागे दगडाला लागली असेल तर गळाचं टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर बोथट झालंय.

पण ब्राउन ट्राउट हुकतो तो बहुधा माशीच्या वाहण्यात: ती प्रवाहाबरोबर मोकळी वाहिली पाहिजे. तरंगत्या माशीमागे पाण्यावर बारीक व्ही उमटला, की मधला वेगवान प्रवाह दोर ओढतोय. माशी टेकताच दोराचा पोटाचा भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. मोठ्या धोंड्यांच्या मागेच नव्हे, पुढेही बघा. तिथेही पाणी संथावतं. तिथे वजनाची निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्याची नक्कल करणारी बुडती माशी, १४ नंबरच्या गळावरची फेझंट टेल, वरच्या दिशेला टाकून रॉड उंच धरायची आणि ढिला दोर गोळा करत राहायचं. दोर जरा अडखळला की रॉड उचला. दहातले सात वेळा दगडच असेल, तरीही उचला.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून घ्या. मासा ओल्या हातांनी, पाण्यातच सोडवा. तोंड प्रवाहाकडे ठेवून तो स्वतः निसटेपर्यंत आधार द्या.

शेवाळलेल्या गोट्यांवर बुटाचा रबरी तळवा टिकत नाही, फेल्टचा (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा) हवा. काठीही सोबत असू द्या. दुपारी वरच्या डोंगरात ढग दाटले आणि पाण्यातून पालापाचोळा वाहत यायला लागला, तर मासा लागलेला असला तरी काठावर या.