लोणच्याच्या बरणीवरची बुरशी
आज सकाळी आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातील इमारतीत नव्याने राहायला आलेली मुलगी आयुष्यातील पहिल्या कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली, तेव्हा वर पांढरी बुरशी धरली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. जांभळी नाक्यावरून आणलेल्या कैऱ्या तिने धुऊन, चिरून लगेच मसाल्यात कालवल्या होत्या. सालीवरचे पाणी तसेच राहिले होते आणि वरच्या फोडी तेलाबाहेर उघड्या पडल्या होत्या. मीठ फोडींतील पाणी ओढून घेते, म्हणून १ किलो फोडींना मी १५० ते २०० ग्रॅम मीठ घालते. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या काळजीने तिने ते निम्म्यावर आणले होते. बुरशीला हवा लागते, त्यामुळे पूर्ण गार केलेली फोडणी फोडींवर बोटभर उभी राहील इतकी हवीच. “काकू, वरचा थर काढून बाकीचे चालेल का?” या तिच्या प्रश्नाला मला नाही म्हणावे लागले, कारण बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असू शकते. ते टाकताना मलाही वाईट वाटले. दुपारी आम्ही अर्धा किलो कैरी नव्याने पुसली, फोडींना मीठ-हळद लावली, आणि तोंडाला दादरा (स्वच्छ फडके) बांधलेली बरणी आता माझ्या ओट्यावर आहे.