जबाब

माझ्या पहिल्या जबाबावर डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजात होता, सही कुठून करणार! 2022 चा ऑक्टोबर, दिवाळी आठवड्यावर आलेली. ‘रुग्ण शुद्धीवर असून जबाब देण्यास सक्षम आहे’ असं ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. मग जबाब घ्यायला आलेल्या साहेबांनी नवऱ्याला आणि सासूबाईंना वॉर्डाबाहेर पाठवलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, “घाबरू नका ताई. कुणी पेटवलं का?”

लग्नाला चार वर्षं झाली होती. सात वर्षांच्या आत बाई भाजली की हा प्रश्न येतो, आणि यायलाच हवा. जळीत वॉर्डात आजवर काय काय दडपलं गेलंय, ते आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? हे आज पटतं. तेव्हा मात्र बाहेरच्या बाकावर बसलेल्या सासूबाई डोळ्यांपुढे येत होत्या. मला गोधडीत गुंडाळताना त्यांचेही तळहात भाजले होते आणि त्या ते पदराखाली झाकून बसल्या होत्या. येणारा-जाणारा आधी त्यांच्या हातांकडे बघत होता.

मी सांगितलं ते असं. पहाटे पाचला चिवड्याचे पोहे भाजायला उठले. लायटर दाबला. भडका खालून आला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो रात्रभर फरशीलगत साचला होता. त्यामुळे आधी पोटऱ्या, मग हात, मग गळा. नायलॉनचा गाऊन कातडीला चिकटला. नवऱ्याने नळाखाली बसवून पाणी ओतलं. शेजारणीने टूथपेस्ट आणली होती, ती त्याने लावू दिली नाही, हे नशीब. कुणाविरुद्ध तक्रार नाही.

22 टक्के, असं डॉक्टर म्हणाले. वॉर्डात माणसाला नावापेक्षा टक्क्यांनी जास्त ओळखतात. “बावीसचं ड्रेसिंग झालं का?” मांडीची कातडी काढून पोटऱ्यांवर लावली. भाजल्या जागेपेक्षा ती मांडीच जास्त ठणकायची, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. जखम भरायला प्रथिनं हवीत म्हणून रोज अंडी खायला सांगितली. आमच्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. सासूबाईंनी गॅलरीत इंडक्शन मांडलं, नाक मुरडत अंडी उकडली आणि डब्यातून पाठवली. 41 दिवसांनी मी घरी आले.

घरी आल्यावर खरं सुरू झालं. दिवसाचे 23 तास घट्ट प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण फुगू नयेत म्हणून घालायचे दाबाचे कपडे, आत रात्रभर खाज. कातडी भरत होती, डोकं मात्र त्या पहाटेपाशीच थांबलेलं. कुठेही लायटरची चटचट झाली की पोटऱ्या गरम व्हायच्या, खरोखर गरम, हात लावून बघावं इतक्या. लसणाची फोडणी पडली की मी चप्पल न घालता जिन्यात. रात्री उठून सात-आठ वेळा रेग्युलेटर बघायचा. गॅसगळतीच्या 1906 वर मी दोनदा खोटी वर्दी दिली. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाने साबणाचं पाणी लावून दाखवलं, एक बुडबुडा नाही. बिचारा चिडला नाही. माझा नवरा चिडला.

सिलिंडर आम्ही देऊन टाकला आणि सगळा स्वयंपाक इंडक्शनवर आणला. देवघरातलं निरांजनही बंद झालं. सगळे म्हणाले, चला, सुटली एकदाची भीती. सुटली कसली! एका घरातून बाहेर काढली, एवढंच. शेजारी, माहेरी, चहाच्या टपरीवर ती उभीच होती.

आणि लोक. “खरं काय झालं गं?” यातल्या ‘खरं’वरचा जोर मी आता ओळखते. मावससासूने तर बाजूला घेऊन विचारलं, “पेटवून तर नव्हतं घेतलंस?” हा माझा दुसरा जबाब. तो मी किती जणांना दिला याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी तोच, शब्दही तेच, पाठ केलेल्या धड्यासारखे.

फेब्रुवारीत एका रात्री तीनला मी 14416 लावला. टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईने नुसतं ऐकून घेतलं आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराला कुठे दाखवायचं ते सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी एक गोळी दिली. गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडू नका, म्हणाले. आणि दर आठवड्याला मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. अपघातानंतर पहिले काही आठवडे दचकणं, झोप उडणं हे पुष्कळांना होतं, महिना उलटूनही तेच चालू राहिलं तर त्यावर उपचार करावे लागतात, हे त्यांनी पहिल्या दिवशी समजावलं. मला तेव्हा चार महिने होऊन गेले होते.

मॅडमची पद्धत मला सुरुवातीला क्रूर वाटली. डोळे मिटायचे आणि ती पहाट सांगायची, तीही आत्ता घडतेय अशी. ‘उठले’ नाही, ‘उठतेय’. फरशी गार आहे का, दिवा लावला का, हात कुठे आहे. मध्येमध्ये विचारायच्या, शंभरपैकी भीती किती? सांगणं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज एकदा ऐकायचं. पहिल्या दोन आठवड्यांत मी जास्तच बिघडले. नवरा म्हणाला, बंद कर हे. मीही एक खेप चुकवली.

सोबत एक उतरंड होती. बंद काडेपेटी हातात धरणं, भीती 20. दुसऱ्याने लावलेलं निरांजन, 40. माहेरच्या ओट्याशी उभं राहणं, 60. स्वतः लायटर दाबणं, 100. भीती उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही, ही अट. निरांजनापुढे मी पाऊण तास बसले. तेवढा वेळ देवापुढे मी आयुष्यात बसले नव्हते.

पाचव्या वेळी सांगताना मॅडमनी विचारलं, “त्याच्या आदल्या रात्रीपासून सांगा ना.” आणि माझ्या तोंडून गेलं, “ओटा पुसतेय. वास येतोय.”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. साहेबांना नाही, आईला नाही. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात आणि त्याचा वास नासक्या कांद्यासारखा. मला साडेदहाला तो आला होता. मी दमले होते. टोपलीतला एखादा कांदा नासला असेल म्हटलं आणि झोपले. शेगडीची नळी जुनी झालीय, पाच वर्षांत बदलायची असते, तेही माहीत होतं. दिवाळीनंतर बघू, म्हटलं होतं.

आगीच्या भीतीपाठीमागे हे दडलं होतं. “मीच पेटवलं” असं मी मॅडमपुढे म्हणाले. त्यांनी समजूत घातली नाही. मी पतसंस्थेत क्लार्क, म्हणून कागदावर दोन रकाने पाडायला लावले. त्या रात्री काय माहीत होतं, आणि आज काय माहीत आहे. डावा रकाना दोन ओळींत संपला. नळीची ओळ मात्र मी डावीकडेच लिहिली, आणि त्यांनी ती खोडायला सांगितली नाही.

घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. बराच वेळ सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, “मलापण आला होता वास. म्हणून तर कांद्याची टोपली गॅलरीत नेऊन ठेवली मी.”

दोघीही रडलो नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढे महिने ही बाई हे पोटात घेऊन माझी ड्रेसिंगं करत होती! आणि मी तरी दुसरं काय करत होते?

कामावर परतले तेव्हा काउंटरवरच्या खातेदारांसाठी एक वाक्य मॅडमबरोबर घोटून ठेवलं होतं. “गॅसचा भडका उडाला होता, आता बरी आहे, पासबुक द्या.” शेवटच्या दोन शब्दांनी काम होतं. गळ्याच्या डागाकडे अजून बघतात. कधी पदर वर घेते, कधी नाही घेत.

सिलिंडर पुन्हा घेतला तो 2024 च्या उन्हाळ्यात, नव्या नळीसकट. लायटर मी दाबला, तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस नुसती समोर उभी राहिले. दिवाळीत पोहे सासूबाईंनी भाजले, चकल्या नवऱ्याने तळल्या आणि निम्म्या जाळल्या. रेग्युलेटर आता रात्री एकदाच बघते, फार तर दोनदा. कांदे मात्र आम्ही अजून गॅलरीतच ठेवतो.