आमच्या नावाची बिल्टी

मशीद बंदरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी नऊ वर्षं बिल्ट्या, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याच्या पावत्या, फाडल्या. नग किती, वजन किती, भाडं पेड (आधीच भरलेलं) की टू-पे (माल घेणाऱ्याने द्यायचं), सगळं हाताला सवयीचं झालं होतं. 2016 साली दादाने आणि मी मिळून एक जुना सहाचाकी ट्रक घेतला. हप्ता, विमा, टायर सगळं वहीत मांडून घेतला. वेळ मात्र मांडायचा राहिला. भिवंडीहून भरलेली गाडी मुलुंडच्या जकात नाक्यावर तासन्‌तास उभी. तिथून सुटेपर्यंत सकाळची अवजड वाहनांची बंदी लागायची, मग गाडी शहराबाहेरच. भाडं थांबलं तरी हप्ता थांबत नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईतली जकात गेली. त्याच आठवड्यात रात्री ड्रायव्हरमामांचा फोन: "ताई, मुलुंड न थांबता पार केलं." मी अंथरुणात उठून बसले. त्या महिन्यापासून तीन फेऱ्या वाढल्या आणि दुसऱ्या गाडीचं बोलणं घरात सुरू झालं.

पण गाडी आपली आणि बिल्टी दुसऱ्या ट्रान्सपोर्टची असेल तर माल देणाऱ्या पार्टीला गाडीमालक ठाऊकच नसतो. अर्धं भाडं अ‍ॅडव्हान्स, बाकीचं पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती, आल्यावर. एका पावसाळ्यात मामा कसाऱ्याला ताडपत्री आवळायला उतरले आणि खिशातल्या पोचेचा लगदा झाला. शिक्क्याचा निळा डाग राहिला, सही गेली. आमचा बॅलन्स चार महिने अडकला. तेव्हाच ठरवलं, बिल्टी आपल्या नावाची हवी.

त्यासाठी 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली कॉमन कॅरियर, म्हणजे कोणाचाही माल भाड्याने नेणारा वाहतूकदार, म्हणून नोंदणी लागते. आमचा अर्ज एकदा परत आला, कारण भाडेकरारात गाळ्याचा एक नंबर आणि अर्जात दुसरा. नवा करार करून पुन्हा भरला. नोंदणी दहा वर्षांची मिळते, पण तिच्याबरोबर येणारी जबाबदारी नीट समजून घ्या. माल हरवला, भिजला तर पार्टी बुकिंगपासून 180 दिवसांत तुम्हाला नोटीस देऊ शकते. तेव्हा "गाडी आमची नव्हती" म्हणून सुटता येत नाही.

2021 मध्ये आमची पहिली बिल्टी फाडली: कागदाची रिळं, भिवंडी ते कोल्हापूर. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, 200 किलोमीटरमागे एक दिवस, म्हणजे हाताशी दोन दिवस. कराडच्या अलीकडे क्लच प्लेट गेली. कोल्हापुरातल्या ओळखीच्या गाडीमालकाला फोन केला, त्याने रिकामी गाडी पाठवली. रस्त्याकडेला माल बदलला आणि मी ऑफिसातून ई-वे बिलाच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, नव्या गाडीचा नंबर चढवला. हे न करता गाडी हलवली असती तर तपासणीत माल अडकला असता. हमालीचा भुर्दंड बसला, पण रिळं कोरडी पोचली. मामांनी प्लास्टिकच्या पिशवीतून पोच काढून माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मी आधी सही पाहिली.

आज पाच गाड्या आमच्या आहेत, अकरा अटॅच, म्हणजे दुसऱ्यांच्या पण आमच्या बिल्टीवर चालणाऱ्या. अटॅच गाडीवाल्याचा बॅलन्स पोच आल्यापासून आठवड्यात द्यायचा, यावर दादाशी बरेच दिवस वाद झाला. पार्टी आपल्याला दोन महिन्यांनी देते, मधले पैसे आणायचे कुठून, हा त्याचा प्रश्न खराच होता. शेवटी उशिरा पैसे देणाऱ्या दोन मोठ्या पार्ट्या सोडल्या.