धुकं चुंबकाचं ऐकत नाही

मला धुकं चुंबकाने वळवायचं होतं. पुण्यात आम्हा सहाजणांचं एक छोटं प्रदर्शन ठरलं आणि माझ्या वाट्याला आठ बाय दहाची काळोखी खोली आली, तेव्हापासून डोक्यात हेच चित्र होतं: पंखा नाही, हात नाही, आणि तरी धुकं वेटोळं घेतंय. हातात जानेवारीचा महिना होता.

धुकं करणं त्यातल्या त्यात सोपं. तपकीर गल्लीतून २४ व्होल्टचा मिस्ट मेकर आणला. त्यातली नाण्याएवढी चकती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा थरथरते आणि पाण्याचे काही मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे, थेंब उडवते. पहिल्या दिवशी बोअरचं पाणी घातलं, तर सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी पूड बसलेली. थेंब सुकतो, क्षार मागे राहतो. तेव्हापासून गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटरच वापरलं.

मग निओडिमियमचे चुंबक. बोट सापडलं तर रक्त साकळेल इतके जोरदार. धुक्याच्या झोतात धरले, फिरवले, एकमेकांसमोर ठेवले. झोत आपल्या वाटेने जात राहिला. पाण्याला चुंबक किंचित दूर लोटतो हे खरं आहे, पाणी प्रतिचुंबकीय असतं. पण ते लोटणं किती क्षीण, याचा अंदाज १९९७ साली नेदरलँड्समधल्या नायमेखनला झालेल्या प्रयोगावरून येतो. भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जिवंत बेडूक चुंबकी क्षेत्रात अधांतरी तरंगवला, कारण बेडकात बहुतेक पाणीच. त्यासाठी सुमारे १६ टेस्लाचं क्षेत्र लागलं; टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं माप. माझ्या चुंबकाच्या अगदी पृष्ठभागावर अर्धा टेस्ला असेल, आणि चार बोटं दूर गेलं की तेही विरून जातं.

हे वाचूनही मी थांबले नाही. मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांकडे गेले. "कशाला पाहिजे एवढी मोठी कॉइल?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण २२ गेजच्या तांब्याच्या तारेचे चारशे वेढे इतके नीट बसवून दिले की कॉइल बघूनच बरं वाटलं. ताटाएवढी कडी. ती आडवी टांगली, खाली धुकं सोडलं, २४ व्होल्ट दिले.

दोन-तीन मिनिटांनी धुकं उठलं. जमिनीवर पसरणारा तो जड, गार थर कडीच्या मधोमध गोळा झाला आणि खांबासारखा वर चढला. मला रडू आलं. त्या रात्री मी सगळ्यांना व्हिडिओ पाठवला.

त्यातल्या एकाच माणसाने प्रश्न विचारला. कॉलेजात फिजिक्स शिकवणारे आमचे सर. ते दुसऱ्या दिवशी स्वतः आले, म्हणाले, "लगेच का नाही उठत? बटण दाबलं की चुंबकत्व त्याच क्षणी येतं. मग दोन मिनिटं कसली वाट बघतंय?" मला वाटलं, करंट उलटा करून दाखवावा. ते म्हणाले, "त्याने काही सिद्ध होत नाही, पाण्याला दोन्ही ध्रुव सारखेच लोटतात. असं कर, आत्ता करंट बंद कर आणि बघत राहा."

बंद केला. खांब तसाच उभा. मिनिटभर, दीड मिनिट, मग हळूहळू खचला. मी कडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पन्नासेक वॉट त्या तारेत तापत होते, तापलेली हवा वर जात होती आणि धुकं तिच्यामागून. कडीच्या मध्यभागी चुंबकी क्षेत्र होतं जेमतेम पाच मिलिटेस्ला, म्हणजे टेस्लाचा दोनशेवा हिस्सा.

वाईट वाटलं, फार वाटलं. पण सरांचा तो साधा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता हे जास्त लागलं. जे दिसावं असं वाटत होतं तेच मी बघत होते.

मधले चार दिवस स्थिर विजेत गेले. लोकरीने घासलेल्या पीव्हीसी पाइपकडे धुकं खरोखर झुकतं, अगदी देखणं झुकतं. पण थेंब पाइपवर बसतात, विजेचा भार निघून जातो, पुन्हा घासा. दिवसभर चालणाऱ्या मांडणीसाठी ते निरुपयोगी.

याच दिवसांत धुक्याची शिल्पं करणाऱ्या जपानी कलाकार फुजिको नाकाया यांचं काम नव्याने पाहिलं. १९७० च्या ओसाका एक्स्पोमध्ये त्यांनी पेप्सी पॅव्हिलियन शुद्ध पाण्याच्या धुक्याने झाकून टाकला होता. त्यांचे वडील उकिचिरो नाकाया प्रयोगशाळेत बर्फाचे स्फटिक घडवणारे शास्त्रज्ञ. त्या धुक्याला आकार देतो तो वारा आणि जमिनीचा चढउतार. धुकं हवेचंच ऐकतं. मग चुंबकाने हवाच हलवली तर?

हवा हलवणारा चुंबक तर घरोघरी असतो. स्पीकर! त्याच्या चुंबकाच्या फटीत सुमारे एक टेस्लाचं क्षेत्र असतं, आणि त्यात हलकीशी कॉइल. दहावीतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम: करंट गेला की कॉइल सरकते, सोबत अख्खा कागदी कोन. जुना बारा इंची वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, मिळाला. प्लायच्या खोक्यात बसवला, समोर दहा सेंटिमीटरचं भोक पाडलं, आत धुकं भरलं. रिलेमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर दिले.

धप्प. भोकातून एक कडं बाहेर आलं, स्वतःभोवती आतून बाहेर वळत, आणि न मोडता खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. या वेळी बटण आणि हालचाल यांच्यात पळभरही अंतर नव्हतं. तरी मी स्पीकरची एक वायर काढून पुन्हा बटण दाबलं. काही नाही. वायर जोडली, कडं आलं. दहा वेळा केलं.

खोक्याच्या मागची बाजू मी उघडी ठेवली, चुंबक दिसावा म्हणून, आणि शेजारी ती तांब्याची कडीही टांगली. पहिल्या दिवशी एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. कडं नातीच्या गालावर फुटलं तशी ती दचकून आजीला बिलगली. आजींनी आपला हात पुढे केला आणि पुढच्या कड्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

"बांगडी येऊ दे गं," त्या मला म्हणाल्या. मी बटण दाबलं.