तुम्ही विचारलंत म्हणून: बेसचा हलका कॅबिनेट

भुसावळात कुठेही बेस गिटार वाजवून स्टेजवरून उतरलो की एखादा पोरगा येतोच, दादा हा एवढासा डब्बा (कॅबिनेट, म्हणजे बेसचे स्पीकर बसवलेली पेटी) कोणता, वजन किती, मी पण हलकाच घेऊ का. दरवेळी वायर गुंडाळता गुंडाळता अर्धवट सांगतो, आज नीट सांगतो.

माझ्याकडे आधी दहा इंची चार स्पीकरवाला होता, ४० किलोच्या वर. चोपड्याला एका लग्नात हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, मे महिना, मी आणि ढोलकीवाला ते धूड ओढत वर नेतोय, आणि वर पोचल्यावर बोटं अशी थरथरत होती की पहिली दोन गाणी मी काय वाजवलं ते विचारू नका. त्या लग्नसराईनंतर घरात कमरेचा पट्टा आला.

तर वजन असतं दोन जागी, चुंबकात आणि लाकडात. जुन्या स्पीकरच्या मागे फेराइट चुंबकाचं जाडजूड चाक असतं, निओडिमियमचं चुंबक तेवढीच ताकद फार कमी वजनात देतं, तिथे वाचलेले किलो आवाजाच्या हिशोबाने फुकटचे (खिशाच्या हिशोबाने अजिबात नाही). लाकडाचं तसं नाही. पॉप्लरचा प्लाय बर्चपेक्षा हलका आणि चांगला चालतो, पण आतून आडवे आधार नीट दिलेले हवेत, नुसता पातळ प्लाय ठोकून वजन उतरवलं असेल तर स्पीकरऐवजी फळ्याच वाजतात. पेराने ठोकून बघा, तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजला तर सोडा.

उन्हाचंही विचारतात. साधं निओडिमियम ८० अंशांच्या पुढे ताकद गमावतं, त्यामुळे आपल्या ४५ ला त्याला काही होत नाही, फक्त दुपारभर बंद गाडीत तापवून लगेच फुल्ल वाजवू नका, आतली कॉइल वाजताना स्वतःच तापत असते.

खरी गोम साइझमध्ये आहे. बेसची सगळ्यात जाड ई तार ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारवाल्याची बी ३१ ला, आणि लहान डब्बा, खोल बेस, मोठा आवाज या तिघांतले दोनच मिळतात. छोट्यातून खोल काढायला गेलं की सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटला किती मोठा वाजतो ते) पडते, आणि ३ डीबी (डेसिबल) पडली म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट. कॅबिनेटवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती सोसतो, किती वाजतो ते नव्हे. हे मला शेतातल्या एका भरीत पार्टीत कळलं, घरी कोपऱ्यात गडगडणारा डब्बा तिथे बोलेचना, कारण बेस घुमवायला मागे भिंतच नाही, आणि एक आबा वांगी भाजता भाजता म्हणाले, इतलं धाकलं डबडं काय वाजी रे भो?

म्हणून आता मी एक मोठा ठेवत नाही, बारा इंची एकेक स्पीकरचे दोन सारखे ठेवतो, दोन्ही ८ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा). छोट्या कार्यक्रमाला एकच, मैदानात दोन्ही एकावर एक, मिळून ४ ओहम होतात, फक्त अँप (अँप्लिफायर) ४ ला चालतो का ते मागे बघून घ्या. प्रत्येकी १४ किलो, एका हातात एक, जिना चढताना तोल पण जात नाही.

आणि दुकानात जाल तेव्हा स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) मारून बघू नका, स्लॅप कशावरही झकास वाजतो. स्वतःचा अँप न्या, सगळ्यात जाड तार जोरात छेडून सूर धरून ठेवा आणि मित्राला दहा पावलं लांब उभं करून विचारा.