गिरणीतला डबा : आमची वाटचाल

आमच्या गिरणीत काट्याशेजारी तेलाचा एक पंधरा किलोचा पत्र्याचा डबा ठेवलेला आहे. वरचं तोंड कापून कडा आत ठोकून घेतल्यात, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. दळण घेऊन आलेली बाई आपली पाटी काट्यावर ठेवायच्या आधी त्या डब्यात मूठभर ज्वारी टाकते. कुणी ओंजळभर टाकतं. एखादीची त्या दिवशी ऐपत नसते, ती टाकत नाही. तिच्याकडे कुणी बघत नाही. संध्याकाळी पट्टा थांबला की डबा काट्यावर चढतो आणि आकडा वहीत जातो. दिवसाला साठेक दळणं होतात आणि त्यातून चार-पाच किलो ज्वारी निघते. आमच्या बालगृहाला रोज अकरा किलो पीठ लागतं. म्हणजे आमच्या लेकरांच्या ताटातली जवळजवळ निम्मी भाकरी या डब्यातून येते. बाकीची निम्मी कुठून आणायची, याच्या काळजीत आमची इतकी वर्षं गेली.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. जमीन हलकी, मुरमाड. पाऊस झाला तर बाजरी, तूर, थोडा कापूस. दसरा झाला की गावात ट्रक यायला लागतात आणि दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यापासून कर्नाटकापर्यंत टोळ्या पांगतात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. लेकरं बरोबर नेली तर पाचटाच्या कोपीत राहतात आणि वाढ्याच्या मोळ्या बांधतात. शाळा तेवढे महिने सुटते ती बऱ्याचदा कायमचीच. मागे ठेवली तर आजीच्या भरवशावर.

गिरणी असली की गावाची चूल कशी चाललीय ते आधी आपल्याला कळतं. 2009 च्या दिवाळीनंतर एक आजी किलोभर बाजरी घेऊन आली. घरात दोन लेकांची मिळून सहा नातवंडं. मी म्हटलं, "आजी, एवढ्यानं काय होणार?" ती म्हणाली, "पातळ घाटा करते माय. भाकरीला पुरत नाही, घाट्याला पुरतं." दळणाचे पैसे द्यायला तिनं पदराची गाठ सोडली, तेव्हा ह्यांनी काटाच झाकला. त्या रात्री सहाही लेकरं आमच्याकडे जेवली. आठवड्यात अकरा झाली. गिरणीमागच्या गोदामात पोती एका बाजूला सारून आम्ही त्यांची झोपायची सोय केली. संस्था काढायची, असा विचार तेव्हा आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हता. हंगाम संपेल, आईबाप येतील, लेकरं घरी जातील, एवढंच ठरलेलं होतं.

डबा त्याच हिवाळ्यात आला. सुरुवातीला आम्ही मूठभर पीठ मागत होतो आणि तिथंच चुकलो. ज्वारी, बाजरी, गहू सगळं एकत्र व्हायचं, आणि बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडतं. एकदा अख्खी परात कडू भाकऱ्या झाल्या. लेकरांनी मुकाट खाल्ल्या. एकानंही तोंड वाकडं केलं नाही, आणि तेच मला सोसवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पीठ बंद करून दाणे घ्यायला लागलो. दाणा टिकतो आणि लागेल तसा दळता येतो.

पाडव्याला टोळ्या परतल्या. अकरापैकी नऊ लेकरं घरी गेली. दोघी बहिणींना न्यायला कुणी आलं नाही. बाप आधीच वारला होता. आई हंगामात उसाची ट्रॉली उलटून गेली. आजी म्हणाली, "तुम्हीच ठेवा." आम्ही ठेवल्या. चार महिन्यांनी जिल्ह्याहून एक अधिकारी बाई आल्या. आजीच्या शब्दावर असं लेकरू ठेवता येत नाही, निराधार बालक सापडलं की 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं, हे त्यांनी बसवून समजावलं. मला त्या वेळी राग आला होता. पोटाला घालायलाही परवानगी लागते का, असं मी बोलून गेले. आज मी तसं म्हणत नाही. लेकरू कुणाच्या ताब्यात आहे हे कुठंतरी लिहिलेलं असायलाच हवं. नाहीतर चांगल्या घरात आहे की वाईट माणसाच्या हातात, हे विचारायला कोण येणार?

मग धर्मादाय कार्यालयात न्यास नोंदवला आणि महिला व बाल विकास विभागाकडे परवान्यासाठी अर्ज केला. प्रत्येक लेकरामागे किती चौरस फूट जागा, किती न्हाणीघरं, स्वयंपाकघर कुठं, साठवणीची खोली कुठं, हे सगळं मोजून दाखवावं लागलं. गोदाम त्यात कुठंच बसत नव्हतं. ह्यांच्या वाटणीची दीड एकर विकली आणि त्यात चार खोल्या झाल्या. छपरावर पत्रेच होते. स्लॅब पडायला पुढं सात वर्षं लागली.

2012-13 चा दुष्काळ आला तेव्हा आमच्याकडे सव्वीस लेकरं होती. मराठवाड्यात जागोजाग चारा छावण्या होत्या. गावाला टँकर चार दिवसांनी यायचा. आम्ही आंघोळ दिवसाआड केली, भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसली. अंगावर खरूज उठली, ती एकाची सगळ्यांना लागली. रात्री दोन-दोन लेकरांना मांडीवर घेऊन मलम लावत बसायचं, इतकंच हातात होतं. त्यातच अनुदान थांबलं. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला सव्वा वर्ष गेलं. बाजारपेठेतल्या किराणा दुकानात आमची उधारी 84 हजारांवर गेली. एक दिवस मी अंगठी काढून त्यांच्या गल्ल्यावर ठेवली. दुकानदार म्हणाले, "वहिनी, ती बोटात घाला. मी वही दुसरीकडे ठेवलीय, आता बघतच नाही." पुढं तीन वर्षांत ती उधारी फिटली. व्याजाचा एक रुपया त्यांनी घेतला नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रसुद्धा, मोडल्याचं आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं आहे. अंगठी काढताना त्यांची आठवण आली, हे खरं. पण माझ्यावर ती वेळ गावानं येऊ दिली नाही.

त्याच उन्हाळ्यात डबा सगळ्यात रिकामा असायला हवा होता. गावात कुणाच्याच घरी दाणा नव्हता. वहीत बघितलं तर त्या वर्षी मुठी लहान झाल्यात, पण टाकणारे हात वाढलेत. कधी न टाकणाऱ्याही टाकायला लागल्या. वरच्या आळीतली एक म्हातारी रोज यायची, दळण नसलं तरी. पदराच्या टोकात बांधलेले दाणे डब्यात सोडायची आणि उंबऱ्यावर टेकायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "बाहत्तरला आम्ही खडी फोडली, तांबडा मिलो खाल्ला, सुकडीवर लेकरं जगवली. तवा कुणाच्या तरी मुठीनंच जगलो की. माझी मूठ आडवू नकोस." तिचं नाव वहीत रोज आहे. कधी 50 ग्रॅम, कधी 40.

वहीबद्दल मी जरा हट्टी आहे. गिरणी आमची, घरची. बालगृह न्यासाचं. दोन्हींची वही, खातं, पेटी वेगळी. डब्यातले दाणे न्यासाचे, म्हणून ते दळल्याचे पैसे न्यासाला लागत नाहीत, पण किती दळलं हे गिरणीच्या वहीत येतंच. मार्च ते मे मिरची कांडपाचं यंत्र दिवसरात्र चालतं. त्यातली निव्वळ कमाई आम्ही देणगी म्हणून न्यासाला देतो आणि तिचीही पावती फाडतो, स्वतःच्या नावाची. ह्यांना पहिल्यांदा ते विचित्र वाटलं होतं. पण पाच वर्षांनी एका माणसानं ग्रामसभेत उभं राहून "लेकरांच्या नावावर गिरणी मोठी केली" असा आरोप केला, तेव्हा मी दोन्ही वह्या सभेपुढे ठेवल्या. वाचायला तलाठी भाऊसाहेब होते, शाळेतले गुरुजी होते. त्यानंतर त्याच माणसानं आम्हाला दोन पोती गहू आणून दिले. मी त्यांचीही पावती फाडली.

2015 चा बाल न्याय कायदा पुढच्या जानेवारीत लागू झाला आणि आम्हाला नव्यानं नोंदणी करावी लागली. मुलगे-मुली मोठे झाल्यावर त्यांची गृहं वेगळी लागतात. दोन्हींची सोय करण्याइतकी जागा आमच्याकडे नव्हती, म्हणून आम्ही मुलींचं गृह ठेवलं. समितीच्या आदेशानं सात मुलगे दुसऱ्या संस्थेत गेले. त्यातल्या तिघांच्या बहिणी आमच्याकडेच राहिल्या. ज्या दिवशी जीप आली, तेव्हा एका पोरानं आपली लाकडी भिंगरी बहिणीच्या हातात दिली आणि म्हणाला, "मी येईपर्यंत फिरवू नको." नियमामागचं कारण मला पटतं. तरी भावंडांना तोडताना जीव तुटतो, आणि त्यावर अजून चांगला उपाय निघायला हवा असं माझं ठाम मत आहे. राखीपौर्णिमेला गिरणीची जीप आम्ही दुसऱ्या कुठल्याही कामाला देत नाही. समितीची परवानगी काढून तिन्ही बहिणींना त्या दिवशी भावांकडे नेऊन आणतो.

वाढदिवस साजरे करायला शहरातून लोक येतात. केक आणतात, कपडे आणतात, मनापासून आणतात. आम्ही त्यांना दोनच गोष्टी सांगतो. मुलींचे फोटो काढायचे नाहीत, कारण बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे. आणि मुलींना रांगेत उभं करून हातात वस्तू द्यायची नाही. वस्तू कार्यालयात द्या, पावती घ्या, आणि मग मुलींबरोबर पंगतीला बसून भाजीभाकरी खा. काहीजण नाराज होऊन गेले, त्यातले दोघं मोठी देणगी देणार होते. तो हिशेब जुळवायला आम्हाला अख्खा उन्हाळा मिरची कांडावी लागली. जे राहिले ते मात्र आजही येतात. एक कुटुंब दर महिन्याला सव्वीस तारखेला तुरीची डाळ पाठवतं, कुणाचा वाढदिवस असो नसो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा टोळ्या कारखान्यांवरच होत्या. हंगामापुरत्या राहिलेल्या चौदा मुलींचे आईबाप दोन-तीन जिल्हे पलीकडे कोपीत अडकले. फोनवर रोज एकच प्रश्न, "माझी पोर जेवली का?" एप्रिलच्या मध्याला सरकारनं घरी जायची परवानगी दिली. लोक आले, पण गावात घेतलं नाही. शिवारात, लिंबाखाली चौदा दिवस ठेवलं. आम्ही रोज दोन वेळा भाकरी-पिठलं बांधावर नेऊन ठेवायचो आणि मागं सरायचो. संध्याकाळी मुली आमच्या नव्या स्लॅबवर चढायच्या. तिकडून बाया कोयत्याच्या टोकाला रंगीत फडकं बांधून हलवायच्या. कुणाचं फडकं कुठलं हे प्रत्येकीला ठाऊक होतं. सगळ्यात धाकटी, पाच वर्षांची, पिवळं फडकं दिसलं की ओरडायची नाही. हात हलवायची आणि खाली येऊन जेवायला बसायची.

2021 पासून संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी सरकारी वसतिगृहांची योजना सुरू झाली. आमच्याकडच्या काही मुली तिकडे गेल्या. ते चांगलंच झालं. आता आमच्याकडे आहेत त्या बहुतेक परत जायला घर नसलेल्या, एकूण चौतीस.

दसऱ्याच्या आधी आमच्याकडे वाकळा धुवायच्या असतात. हंगामाला जाणारी आई पोरीला सोडताना आपलं एक जुनं लुगडं देऊन जायची आणि आळीतल्या बाया ते वाकळेच्या वरच्या थराला लावून द्यायच्या. पहिल्या दोघी बहिणींच्या आईचं लुगडं काही मिळालं नाही. तेव्हा दाणे टाकणारी ती वरच्या आळीची म्हातारी आपलं हिरवं, लाल काठाचं इरकली घेऊन आली आणि म्हणाली, "अर्धं एकीला, अर्धं दुसरीला. काठ सारखा वाटा." थोरली आता जिल्ह्याच्या गावी नर्सिंग करते, वाकळ बरोबर घेऊन गेलीय. धाकटी बारावीत आहे. म्हातारी दोन वर्षांपूर्वी गेली. परवा वाकळा भिजत घातल्या तर धाकटीची त्यात नव्हती. ती मागं हौदावर एकटीच बसली होती, आपली वाकळ हातानं चुबकत, काठाला पीळ पडू नये म्हणून हळूहळू.